सर्पमित्र व्हायचंय? मग पहिलं वर्ष असं घालवा

पहिला पाऊस पडला की मला नव्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, साप पकडायला शिकायचंय." वय अठरा ते पंचवीस. बहुतेकांनी मोबाईलवर कुणीतरी नागाची मान चिमटीत धरून उभा असलेला पाहिलेला असतो आणि तेच शिकायचं असतं. मी कुणाला नाही म्हणत नाही, कारण माणसांची गरज खरी आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यातले. घरात शिरलेला साप काढायला जाणतं माणूस मिळालं नाही की घरातलाच कुणीतरी काठी घेऊन पुढे होतो. काठी चुकते, चवताळलेला साप पायाशी येतो.

मी कऱ्हाडकडच्या ऊसपट्ट्यात हे काम करतो. मी शिकवतो ती पहिली गोष्ट ऐकून निम्मी पोरं परत येत नाहीत: विषारी सापाला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी नाही, दहाव्या वर्षीही नाही. मान दाबायची नाही, शेपूट धरून उचलायचा नाही. सापाला अंधारी, सुरक्षित वाटणारी वाट द्यायची आणि तो आपणहून तिच्यात जाईपर्यंत थांबायचं. बाकीचं सगळं या थांबण्याभोवती आहे. आणि एक आधीच सांगतो, हा लेख वाचून कुणी एकट्यानं सापापुढे उभं राहू नये. हे जाणत्या माणसाच्या बरोबरीनं शिकायचं काम आहे. त्याच्याकडे जाताना काय तयारी करून जावं, एवढ्यासाठी हे लिहितोय.

पहिले सहा महिने फक्त ओळख

महाराष्ट्रात माणूस दगावतो तो मुख्यतः चार सापांनी: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चार आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप, एवढी जोडगोळी आधी पक्की करा. धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कुकरी हे रोजचे साप तर यायलाच हवेत, पण जीव जातो तो या जोड्यांत घोटाळा झाला की.

मण्यार आणि कवड्या. मण्यार काळी-निळसर, तुकतुकीत, जणू आत्ताच तेल लावलंय. अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीनं, आणि ते मानेकडे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, आणि त्याचं उलटं असतं: पट्टे मानेजवळ ठळक, शेपटीकडे विरत जातात. नुसतं "पट्टे आहेत" म्हणून चालत नाही, पट्टे कुठे सुरू होतात ते बघायचं. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरची खवल्यांची एक ओळ बाकीच्यांहून मोठी आणि षटकोनी असते, पण ते पाहायला जितकं जवळ जावं लागेल तितकं जवळ जाऊच नका.

घोणस आणि अजगराचं पिल्लू, किंवा घोणस आणि डुरक्या घोणस. घोणशीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा, नीट आखल्यासारख्या. डोकं त्रिकोणी, मान बारीक. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, शेपूट आखूड आणि अंग खरखरीत. अजगराच्या पिल्लाचे डागही मोठे आणि ओबडधोबड असतात. "अजगराचं पिल्लू आहे" म्हणून लोकांनी घोणस हातात घेतल्याचे प्रकार दर पावसाळ्यात ऐकू येतात. शंका असेल तर तो साप घोणसच आहे असं धरून चाला.

ओळख पुस्तकातल्या एका फोटोवरून होत नाही. कात टाकायच्या आधी सापाचा रंग मळतो, डोळे दुधी होतात, पिल्लाचा रंग मोठ्याहून वेगळा असतो. म्हणून जिवंत साप वेगवेगळ्या उजेडात पाहायला हवेत. पुण्याच्या कात्रजला १९८६ साली सुरू झालेलं सर्पोद्यान आहे. तिथे एक फेरी मारून येऊ नका, दिवसभर एकेका काचेसमोर बसा. साप श्वास घेताना अंग कसं हलतं, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते तेव्हा शरीर कसं फुगतं, हे तिथे काचेमागून दिसतं.

नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच विष घेऊन. "बारकंय, काही नाही करत" हे वाक्य डोक्यातून कायमचं काढून टाका.

परवानगी आणि गुरू

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात प्राणी पकडणंही येतं. त्यामुळे साप पकडून घरी बरणीत ठेवणं, गणपतीच्या मंडळात दाखवणं, शाळेत नेऊन खेळ करणं, हे सगळं गुन्ह्यात बसतं, हेतू कितीही चांगला असो. तालुक्याच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जा, आरएफओ साहेबांना भेटा, नाव नोंदवा, त्यांच्याकडे काय पद्धत आहे ती विचारा. वनरक्षकाचा नंबर मोबाईलमध्ये असू द्या. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइनही आहे.

गुरू निवडताना एकच कसोटी लावा: त्याचा प्रोफाइल फोटो बघा. गळ्यात किंवा हातात विषारी साप असेल तर दुसरा माणूस शोधा. त्याला येत नसेल असं मी म्हणत नाही. पण त्याच्याकडून तुम्ही तेच शिकाल, आणि त्याच्याइतकी वर्षं तुमच्या वाट्याला येतीलच असं नाही.

पहिले सहा महिने गुरूबरोबर जायचं ते बॅटरी धरायला आणि गर्दी मागे हटवायला. मी हे काम आठ महिने केलं. तेव्हा फार कंटाळा यायचा. आता वाटतं, साप काय करणार आहे हे आधी ओळखायची नजर त्या आठ महिन्यांतच आली.

दवाखाना आधी, साप नंतर

पहिला साप उचलायच्या आधी हे करून ठेवा. तुमच्यापासून सर्वांत जवळच्या कुठल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिसर्पविष, म्हणजे ज्याला सगळे एएसव्ही म्हणतात ते, रात्रीसुद्धा मिळतं? व्हेंटिलेटर कुठे आहे? स्वतः जाऊन विचारा. आपल्याकडचं एएसव्ही या चारही सापांवर मिळून एकच असतं. चेन्नईजवळ वडनेम्मेलीला इरुळा समाजाची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. तिथले लोक साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप परत सोडतात. असं विष थोडं थोडं घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून हे औषध तयार होतं. हे तुम्हाला माहीत हवं, कारण घोड्याच्या रक्तातल्या या प्रथिनांची काहींना जोरदार रिअॅक्शन येते. आधी कधी एएसव्ही घेतलं असेल किंवा दमा, अॅलर्जी असेल तर ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. चापड्याच्या, म्हणजे झाडावरच्या हिरव्या विषारी सापाच्या विषावर हे औषध उपयोगी पडत नाही. कोकणात आणि घाटात काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दंश झालाच तर साप सोडून द्या. "आधी पिशवीत घालतो, मग जातो" यात गेलेली दहा मिनिटं परत येत नाहीत. अंगठी, कडं, घड्याळ, धागा लगेच काढा, कारण सूज आली की ते हाडापर्यंत रुततात. हात किंवा पाय फळीला, पट्टीला सैलसर बांधून हलणार नाही असा ठेवा. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मिरची किंवा कडुलिंब खायला देऊन चव लागते का बघत बसायचं नाही. वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा, किंवा गाडी तयार असेल तर निघा. स्वतः गाडी चालवू नका.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतील. मग नळी तिरकी करतील. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष काम करतंय असा अर्थ निघतो. त्या वीस मिनिटांत नातेवाईक "काहीच करत नाहीत" म्हणून आरडाओरडा करतात. तुम्ही तिथे असाल तर त्यांना समजावून सांगा, तपासणी चालू आहे. आणि मण्यारीचा दंश कित्येकदा दुखतही नाही, सूजही येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. म्हणून साप चावल्याचा नुसता संशय असला तरी चोवीस तास दवाखान्यातच.

सामान

फार लागत नाही. एक गुळगुळीत हूक, कंबरेइतका लांब. चार इंची पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटी तुकडा, कडा घासून मऊ केलेल्या. त्याच्या एका तोंडाला घट्ट बसवलेली जाड सुती, गडद रंगाची लांब पिशवी, शिवण आतून दुहेरी. रुंद तोंडाची, झाकणाला बारीक भोकं पाडलेली उंच बरणी. गुडघ्यापर्यंत येणारे गमबूट, जाड पँट, डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातात एक जादा बॅटरी. चिमटा, म्हणजे पकडीचा दांडा, नव्यानं घेऊच नये असं माझं मत आहे. भीती वाटली की हात आपोआप दाबतो आणि सापाच्या बरगड्या मोडतात. असा साप सोडल्यावर निघून जाताना दिसतो, पण पुढे जगत नाही.

फोन आला की

निघायच्या आधी चार गोष्टी विचारा: साप आत्ता दिसतोय का, नेमका कुठे आहे, त्याच्यावर नजर ठेवायला कोण आहे, कुणाला चावलाय का. लांबून झूम करून फोटो मागवा. निम्मे कॉल इथेच मिटतात. बांधावर धामण दिसली, विहिरीत दिवड आहे, गोठ्यामागून नाग गेला, हे रेस्क्यूचे कॉल नाहीत. "काका, तो त्याच्या वाटेनं चाललाय, जाऊ द्या, तासभर तिकडे जाऊ नका," एवढं पुरतं. घरात असेल तर सांगा: दाराला बाहेरून कडी, दाराखालच्या फटीत ओलं पोतं, पोरंबाळं बाहेर, आणि एकानं लांबून लक्ष ठेवायचं. काठीनं ढोसायचं नाही, रॉकेल टाकायचं नाही.

एकट्यानं जायचं नाही. दुसरा माणूस नसेल तर कॉल दुसऱ्याला द्या. दारू प्यायला असाल, ताप असेल, झोप झालेली नसेल, तर त्या दिवशी तुम्ही सर्पमित्र नाही.

घरात पाऊल टाकल्यावर

पोचल्यावर सापाकडे धावू नका. आधी माणसं बाहेर काढा. गावात साप निघाला की पन्नास लोक जमतात, त्यातले पाचजण सल्ले देतात आणि दहाजण मोबाईल धरून आत घुसतात. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला हाताशी धरा, त्यांचं लोक ऐकतात. मग दिवा लावा आणि खोली नुसती बघा. साप कुठे आहे, त्याचं तोंड कुणीकडे आहे, तो कुठे पळू शकतो, आणि तुम्ही कुठून मागे सराल. पाठीमागची वाट मोकळी केल्याशिवाय पुढे जाऊ नका, उंबरा, बादली, खाट सगळं बघून घ्या. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो. कुठलाही साप असो, सगळ्या लांबीइतकं अंतर ठेवा.

पाइप आणि पिशवी

नागाचं उदाहरण घेतो, कारण घरात सगळ्यात जास्त तोच निघतो. धान्याच्या टाकीमागे, भिंतीच्या कोपऱ्यात चार फुटी नाग. तुम्ही दिसलात की तो फणा काढतो. इथे नवा माणूस घाबरतो आणि हलतो, आणि नाग हालचालीच्याच मागे लागतो. खरं तर फणा काढून उभा राहिलेला नाग सांगत असतो की मला जायला जागा द्या. तुम्ही स्थिर राहा. पिशवी लावलेला पाइप हुकाच्या टोकानं हळूच भिंतीला लागून सरकवत न्या, मोकळं तोंड सापाकडे, पिशवी मागे सरळ पसरलेली, आत हवा राहील अशी. पाइपवर एखादं पोतं टाका म्हणजे तोंड गडद दिसेल. मग मागे व्हा आणि बॅटरी जमिनीवरून बाजूला फिरवा.

आता वाट बघायची. फणा हळूहळू खाली बसतो. जीभ लपलपत राहते, मग मान भिंतीला टेकते. साप मोकळ्या जमिनीवर नाही, कडेकडेनं चालतो, आणि कडेला त्याला उंदराच्या बिळासारखं काळं गोल तोंड सापडतं. डोकं आत जातं, तिथे थबकतं. याच क्षणी सगळ्यांची घाई होते. थांबा. अर्ध्याहून जास्त अंग आत जाऊ द्या, मग शेपटीकडे हूक नुसता हलकासा टेकवा. तो सुर्रकन पुढे सरकतो आणि पिशवीत पसरतो. कधी हे दोन मिनिटांत होतं, कधी पाऊण तास लागतो. पाऊण तासात घरमालक म्हणेल, "अहो, पकडा की हातानं, तो अमका असाच पकडतो." त्याला हात जोडा आणि पाइपाकडे बघत राहा.

घोणस पहिल्या वर्षी तुमचा साप नाही. ती पाइपात सहज जात नाही, वेटोळं करून बसते आणि डोळा लवायच्या आत झेप घेते. तिचे विषदंत लांब असतात. गुरू हुकानं तिला आडव्या ठेवलेल्या मोठ्या ड्रममध्ये सरकवेल, तुम्ही ड्रम लांब दांड्यानं धरा. फुरसं बारीक, फूट-दीड फुटी, पण वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं आणि उडी मारल्यासारखं चावतं. त्याच्यासाठी आडवी बरणी आणि हूक. मण्यार दिवसा गरीब वाटते, वेटोळ्यात डोकं खुपसून बसते. तीच रात्री झटके देत पळते, आणि अंग इतकं गुळगुळीत की हुकावर ठरत नाही. एकदा अंथरुणाच्या घडीत मण्यार होती. मी गोधडी उलगडली नाही, अख्खी गादी चौघांनी चार कोपरे धरून अंगणात नेली आणि तिला तिथे पाइपाची वाट दिली. अंथरूण झटकायचं नाही, हे तेवढ्यासाठी.

पिशवीची गाठ

साप आत गेला की लोक टाळ्या वाजवतात आणि सर्पमित्र सैल होतो. माझं तसंच झालं होतं. तिसऱ्या वर्षी घोणस पिशवीत घेतली, तोंड गोळा करून मुठीत धरलं आणि दोरी बांधायला लागलो. कापडाला आतून एक धक्का बसला, एवढंच जाणवलं. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर अंगठ्यापासून अर्ध्या बोटावर कापडावर दोन ओले, पिवळसर ठिपके होते. दात कापडातून आरपार आले होते. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. साप पिशवीच्या तळाशी जाऊ द्यायचा. पिशवी जमिनीवर आडवी असतानाच सापाच्या वरच्या मोकळ्या कापडावर हुकाचा दांडा आडवा दाबायचा. दांड्याच्या अलीकडे पिशवी पिळायची, पीळ दुमडायचा, दोरी दोनदा आवळायची. मगच पाइप काढायचा. हात आणि साप यांच्यामध्ये कायम दांडा. नंतर पिशवी गाठीच्या वर धरून, अंगापासून लांब, सरळ झाकणाच्या कडक डब्यात. मांडीला लागेल अशी लटकवायची नाही, गाडीच्या हँडलला तर मुळीच नाही. उन्हात ठेवायची नाही.

मेलेल्या सापालाही हेच नियम. तोडलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं.

फोटोसाठी साप बाहेर काढायचा नाही. कुणीही मागू दे, सरपंच असो की पत्रकार. सर्पमित्रांचे कितीतरी दंश पकडताना झालेले नाहीत, पकडून झाल्यावर दाखवताना झालेत.

सोडायला जाताना

पकडलेल्या जागेपासून जवळात जवळ, साधारण एक किलोमीटरच्या आत, वस्तीपासून जरा बाजूला, जिथे बिळं, झुडूप आणि पाणी आहे तिथे, आणि शक्यतो त्याच दिवशी. लांबच्या जंगलात नेऊन सोडणं हे पुण्याचं काम वाटतं, पण अनोळखी मुलखात साप भटकत राहतो, रस्त्यावर येतो, गाडीखाली जातो. नागाला सकाळी किंवा संध्याकाळी, मण्यारीला अंधार पडल्यावर सोडा. गाठ सोडायची ती पिशवी जमिनीवर आडवी, तोंड तुमच्यापासून पलीकडे, आणि तळाचं टोक हुकानं उचलून.

वहीत तारीख, गाव, जागा, साप, अंदाजे लांबी, जखम होती का आणि कुठे सोडला हे लिहा, वनरक्षकाला कळवा. पिशवी उलटी करून धुवा आणि वाळवा.

मात्र सोडायला निघायच्या आधी त्या घरात पाच मिनिटं उभं राहा. तेव्हा लोक ऐकतात, एरवी ऐकत नाहीत. सरपण भिंतीला लागून रचलंय ते हलवायला सांगा. धान्याखालची उंदरांची बिळं दाखवा. न्हाणीचा पाइप बाहेर उघडा आहे, त्याला जाळी बसवायला सांगा. रात्री अंगणात जाताना बॅटरी. आणि घरातल्या माउलीला विचारा, लेकरं कुठे झोपतात. खाली झोपत असतील तर खाट, आणि खाट नसेल तर निदान मच्छरदाणी, चारही बाजू अंथरुणाखाली नीट खोचलेली. ती कशी खोचायची ते स्वतः करून दाखवा.